मी शिकवलेला उपवास

"रिपोर्ट आलाय. ओव्हरीचा कॅन्सर आहे, तिसरी स्टेज," लातूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि समजावून सांगायला औषधकंपनीच्या पॅडवर चित्र काढू लागल्या. मधोमध गर्भाशय, दोन्ही बाजूंना नळ्या आणि नळीच्या टोकाला घट्ट चिकटवलेली ओव्हरी, म्हणजे अंडाशय. मी म्हणाले, "मॅडम, ओव्हरी नळीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते." त्यांनी पेन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं. शेजारी बसलेल्या अक्कानं माझ्या मांडीला चिमटा काढला.

वीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं की असं होतं. स्वतःचा कॅन्सर कळतानाही आधी आकृतीतली चूक दिसते.

तिसरी स्टेज म्हणजे गाठ अंडाशयाच्या बाहेर पडून पोटाच्या आतल्या अस्तरावर पसरलेली. त्या क्षणी भीती वाटली, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं, कारण तसंच सांगायचं असतं. खरं म्हणजे मला किळस आली. माझ्या आत मला न विचारता महिनोन्‌महिने काहीतरी वाढत होतं आणि मी त्याला गॅस समजून ओवा चावत होते.

ज्या बायका हे वाचतायत त्यांना आधी कामाचं सांगते. माझं पोट तीन महिने फुगलेलं होतं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. लघवीला सारखं जावं लागायचं. साडीची गाठ वर सरकत होती आणि दंड मात्र बारीक होत होते. यातलं काहीही दुखत नव्हतं. हीच या कॅन्सरची हरामखोरी आहे. पोट दोन-तीन आठवडे फुगलेलंच राहिलं तर ओवा ठेवा बाजूला आणि सोनोग्राफी करून घ्या.

मी उशीर केला त्याला आणखी एक कारण होतं. माझं लग्न झालेलं नाही. आमच्याकडे बिनलग्नाची बाई स्त्रीरोगतज्ज्ञाच्या बाकड्यावर दिसली की बाकीच्या बायका आपसात काय पुटपुटतात ते मला ठाऊक आहे, कारण कधीकाळी मीही पुटपुटले आहे. एक ओळखीची बाई तर थेट म्हणाली, "तुम्ही इथं कशा काय, मॅडम?" जणू मी अंडाशय सासरी गेल्यावर घेणार होते.

माझी थोडी ओळख देते. आमचं माहेर नांदेड जिल्ह्यातलं उमरी. भूकंप झाला त्या वर्षी मी लातूरला बारावीत शिकत होते. अक्का, माझी मोठी बहीण, औसा तालुक्यात दिलेली होती. तिचं घर पडलं, भाऊजी आणि सासू गेल्या, अक्काला दुपारी ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. काही महिने ती पत्र्याच्या शेडमध्ये राहिली, मग लातूरला माझ्या खोलीवर आली आणि पोटापाण्यासाठी होस्टेलच्या पोरींना डबे करू लागली. पुढे लातूरला शिकवण्यांचा पूर आला. गल्लोगल्ली क्लासेस, त्यांच्यामागे होस्टेलं, होस्टेलांमागे खानावळी. अक्काच्या डब्यांची साठ पोरींची खानावळ झाली आणि मी एका मोठ्या क्लासची जीवशास्त्राची मॅडम झाले. चौकातल्या फलकावर माझा फोटो लागला. हाताची घडी, रंगवलेले केस, मागे निळं आकाश.

कॅन्सरचं कळलं तेव्हा डिसेंबर होता, क्लासचे पुढच्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले होते. क्लासचे संचालक सर भेटायला आले, पिशवीतली फळं टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "मॅडम, उपचार कुठंही घ्या, पण जूनपर्यंत बाहेर बोलू नका. पालक घाबरतात." मी मान डोलावली. मलाही कुणाला सांगायचं नव्हतंच. पण ते गेल्यावर मी ती फळं खानावळीतल्या पोरींना वाटून टाकली, एकही घरात ठेवलं नाही.

म्हणून ठरलं की उपचार नांदेडला. लातुरात दवाखाने कमी नाहीत, पण प्रत्येक दवाखान्यात माझा एखादा विद्यार्थी गळ्यात स्टेथोस्कोप घालून फिरत असतो. उमरीला आमच्या घराची एक खोली भाडेकऱ्यांपासून वाचली होती, तिथं राहायचं आणि रेल्वेनं नांदेडला जायचं. अक्का केमोच्या दिवशी यायची, दोन दिवस राहून आठवड्याचं करून ठेवायची आणि खानावळीसाठी परत पळायची.

नांदेडचे डॉक्टर तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी आखणी सांगितली. आधी तीन केमो, तीन-तीन आठवड्यांनी. गाठ आकसली की ऑपरेशन, आणि मग उरलेले केमो. "ऑपरेशन हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं," ते म्हणाले, "आणि ते तुमच्या तब्येतीनं पेललं पाहिजे. शरीर खालावलं तर मी चाकू लावणार नाही." पोटातलं पाणी सुई घालून काढलं. ॲसायटिस म्हणतात त्याला, गाठीमुळे पोटात साठणारा द्रव. पिवळसर, फेसाळ, दोन मोठ्या बाटल्या. नर्सनं त्या माझ्या नाकासमोरून नेल्या आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा चहा उचलला.

आता माझ्या मूर्खपणाकडे येते.

पेशीत लायसोसोम नावाच्या पिशव्या असतात. आत पाचकरस. पेशी उपाशी राहिली की आपलेच मोडके-निकामी भाग या पिशव्यांत टाकून पचवते आणि त्यावर गुजराण करते. याला ऑटोफॅजी म्हणतात, स्वतःच स्वतःला खाणं. अभ्यासक्रमात हा भाग जेमतेम दोन ओळींचा. पण या विषयाला नोबेल मिळालं आणि मोबाइलवर त्याच्या चित्रफिती फिरू लागल्या. वर्गात दुपारी पोरं पेंगायला लागली की मी ते काढायची. एकदा रंगात येऊन म्हणाले होते, "आपल्या आज्या उगाच उपवास करत नव्हत्या. उपवास केला की ऑटोफॅजी सुरू होते आणि कॅन्सरची पेशी स्वतःच स्वतःला खाऊन टाकते. लिहून घ्या." तीनशे पोरांनी खाली माना घालून लिहून घेतलं. मला फार बरं वाटलं. विज्ञान पण झालं आणि संस्कृती पण झाली.

हे मी कुठं वाचलं होतं? नीट कुठंच नाही. आमच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीचं एका ओळीत उत्तर लागतं आणि उत्तर सुटसुटीत असलं की ते खरंच वाटतं. चाळीस सेकंदांत एक प्रश्न सोडवायला शिकवता शिकवता माझंच डोकं चाळीस सेकंदांचं झालं होतं.

स्वतःवर वेळ आल्यावर मी तीच ओळ औषधासारखी घेतली. केमोच्या आदल्या दिवसापासून नंतरच्या दिवसापर्यंत फक्त पाणी आणि बिनसाखरेचा कोरा चहा. मधल्या दिवसांत एकदाच जेवायचं, तेही मूठभर. डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण डॉक्टर म्हणजे नुसती औषधं देणारे, त्यांना पेशीचं काय कळतंय, असा माझा तोरा. अक्का करून ठेवायची ते शेंगदाण्याचे लाडू, भाकरी, घट्ट वरण मी मागच्या दारच्या म्हशीला घालत होते. म्हैस बाळसं धरत होती.

केमो म्हणजे काय ते सांगते, कारण लोक त्याबद्दल एक तर घाबरवतात नाहीतर गोड गोड बोलतात. पॅक्लिटॅक्सेल आणि कार्बोप्लॅटिन ही माझी दोन औषधं. पहिलं पेशीला दुभंगू देत नाही, दुसरं तिच्या आतल्या डीएनएला, म्हणजे वाढीच्या सूत्राला, गाठी मारतं. सहा-सात तास खुर्चीत बसायचं. तोंडाला गंजलेल्या खिळ्याची चव येते. फिनेल, घाम, कुणीतरी डब्यात आणलेलं आंब्याचं लोणचं आणि कुणाची तरी ओकारी, या सगळ्याचा मिळून एक वास तयार होतो. हात धुवायच्या बेसिनमध्ये पानाच्या पिचकाऱ्या. भिंतीवर हसऱ्या सूर्याचं पोस्टर, खाली लिहिलेलं, 'सकारात्मक राहा.' त्या सूर्यावरच ओकावं असं मला प्रत्येक वेळी वाटलं.

केस दुसऱ्या केमोच्या आधीच गेले. उशीवर, घशात, चहात. मी डोक्याला स्कार्फ आणि तोंडाला मास्क लावू लागले. त्याचा एक फायदा झाला, मला कुणी ओळखेना.

तिसऱ्या केमोला माझ्या शेजारच्या खुर्चीत कौसाबाई होती. मुदखेडची, फुलांच्या मळ्यात तोडणीला जाणारी, माझ्याच वयाची. तिला गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर होता. तिला रोज शेक, म्हणजे रेडिएशन, आणि आठवड्यातून एकदा केमोची छोटी बाटली. रोज मुदखेडहून गाडीनं यायची आणि जायची. ती बोलकी होती. अकरा वाजता तिच्या नवऱ्यानं केळं पुढं केलं, तर तिनं हातानं बाजूला सारलं.

"न्हाई, आज उपास हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "म्या शेकाच्या दिवसाला कडक उपास धरून राहिले. दिसभर नुस्तं पाणी, रातीला दोन घास. माझी पोरगी लातूरला हाय शिकायला, डाक्टरकीचं. तिच्या म्याडमनं सांगितलं वर्गात, उपास धरला की गाठ सोताच सोताला खाती. पोरीनं वहीत लिहून घेतलंय. फोनवर वाचून दाखवलं मला."

ती मॅडम मीच, हे कळायला मला क्षणही लागला नाही.

यानंतर मी काय केलं ते लिहायला हात कचरतो. मी खूश झाले. मास्कच्या आत मी हसले. पोरीनं नीट लिहून घेतलं, असं माझ्या मनात आलं. खुर्चीत ओकारीची पिशवी हातात धरून बसलेली मी, मला त्या घडीला आपली वट किती लांब पोचलीय याचं कौतुक वाटलं. मी कौसाबाईला म्हणाले, "बरोबर सांगितलंय." तिला फार धीर आला. तिनं ते केळं माझ्या पुढ्यात ठेवलं आणि मी 'मलाही उपास आहे' म्हणाले. दोघी हसलो. तिचा नवरा केळं परत पिशवीत घालून बाहेर जाऊन बसला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा उलटसुलट पाहिले. गाठ थोडीच आकसली होती. माझं वजन मात्र झपाट्यानं उतरलं होतं आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन, तळाला गेलं होतं. "या रक्तावर टाके भरून येणार नाहीत," ते म्हणाले. "ऑपरेशन पुढं ढकलतोय. तुम्ही जेवता का?"

"जेवते."

"खोटं बोलताय."

अक्का माझ्याकडे बघू लागली. मग मी सगळं सांगितलं, ऑटोफॅजीसकट, आणि तेही वर्गात सांगावं अशा ऐटीत. डॉक्टरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मॅडम, तुम्ही शिकवता ते अर्धं आहे," ते म्हणाले. "निरोगी पेशीत ऑटोफॅजी म्हणजे साफसफाई. कचरा साठत नाही, बिघाड कमी होतो. कॅन्सर सुरू व्हायच्या आधी ती बहुतेक आपल्या बाजूनं असते. पण एकदा गाठ झाली की तीच सोय गाठीला मिळते. गाठीच्या मधल्या पेशींना रक्त पुरत नाही, ऑक्सिजन नाही, त्यात वरून मी केमो देतोय. तेव्हा ती पेशी काय करते? स्वतःचेच निकामी तुकडे खाते आणि तग धरते. ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये काही पेशी केमोनंतर अशा गप पडून राहतात आणि पुढं परत उठतात, त्यात ऑटोफॅजीचा हात असावा, असं प्रयोगशाळेत दिसतंय. गर्भाशयाच्या कॅन्सरमध्येही हाच विषय आहे. म्हणून तर मलेरियावरचं एक जुनं औषध, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, देऊन ही ऑटोफॅजी बंद पाडता येते का, याचे प्रयोग चाललेत. बंद पाडता येते का, कळलं? सुरू करायची नाही. आणि तेही अजून प्रयोगच आहेत, उद्या दुकानातून गोळ्या आणून खाऊ नका."

"पण उपवासावर पण संशोधन चालू आहे," मी म्हणाले. अजूनही वाद घालत होते.

"चालू आहे. लहान लहान अभ्यास, देखरेखीखाली, धडधाकट पेशंटवर. ठाम उत्तर कुणाकडेच नाही. तुमच्याकडे आहे का?" त्यांनी रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. "तुमची गाठ उपाशी नाही, मॅडम. तिला जे लागतं ते ती तुमच्या मांड्यांमधून घेतेय. उपाशी तुम्ही आहात."

वर्गात मी पोरांना नेहमी सांगायचे की 'दोन्ही बरोबर' हा पर्याय घाबरटांसाठी असतो, तो सोडून द्या. आणि इथं माझ्या जिवाचा प्रश्न नेमका त्या पर्यायावर अडला होता.

उमरीच्या खोलीवर आल्या आल्या अक्कानं लाडवाचा रिकामा डबा उचलला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

"पत्र्याच्या शेडमधी माझ्या घशाखाली घास उतरत न्हवता," ती म्हणाली. "तवा तू येऊन माझ्यापुढं रडलीस. म्हणलीस, अक्का, तू बी गेलीस तर मला कोण हाय. म्हणून खाल्लं म्या. आता म्या कुणापुढं रडू? म्हशीपुढं?"

मी तिच्या पायाशी बसून रडले. रडण्यात पश्चात्ताप किती आणि लाज किती हे मला वेगळं काढता येत नाही. थोड्या वेळानं मी तिला कौसाबाईचं सांगितलं. मी 'बरोबर सांगितलंय' म्हणाले, तेही सांगितलं. अक्कानं माझ्या डोक्यावरचा हात काढून घेतला.

"उद्या जायाचं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात कौसाबाईची खुर्ची रिकामी होती. नर्स म्हणाली, "मुदखेडवाल्या? त्यांचं वजन लई उतरलं, रक्त कमी पडलं. शेक थांबवलाय सरांनी. चार दिवस झाले, आल्याच न्हाईत. फोन बी उचलून न्हाई राहिले." शेक मध्येच थांबला की गाठीला सावरायला वेळ मिळतो, म्हणून त्यात खंड पडू देत नाहीत, हे मला माहीत होतं. पुस्तकात आहे ते.

परतीच्या गाडीतून आम्ही मुदखेडला उतरलो. अक्काच्या हातात डबा होता, मुगाची मऊ खिचडी आणि उकडलेली अंडी, माझ्यासाठी केलेली. स्टेशनजवळ फुलांच्या करंड्या गाडीत चढवत होते, तिथल्या एकीला विचारलं तर तिनं घरापर्यंत आणून सोडलं. त्या वाटेवर मला दोनदा वाटलं की परत फिरावं. फोनवर सांगता येईल, चिठ्ठी पाठवता येईल, डॉक्टर सांगतीलच की. मनाला अशा वेळी पळवाटा फार सुचतात.

कौसाबाई बाजेवर पडून होती. गालांच्या जागी खळगे. मला बघून तिला आनंद झाला. "केमोवाल्या बाई! कशा काय आल्या?"

मी मास्क काढला. स्कार्फही काढला. "कौसाबाई, तुमच्या पोरीला ते सांगितलं ती मॅडम मीच."

 तिनं उशाचा मोबाइल घेऊन पोरीनं पाठवलेला फलकाचा फोटो शोधला आणि एकदा फोटोकडे, एकदा माझ्या टकलाकडे पाहिलं. "हिच्यात तर केसं हायत," ती म्हणाली.

"मी चुकीचं सांगितलं. मला नीट माहीत नव्हतं. मी स्वतः तेच केलं, माझं ऑपरेशन लांबलं. तुमचा शेक माझ्यामुळं थांबला. त्या दिवशी खुर्चीत सांगायला पाहिजे होतं. मी उलट बरोबर आहे म्हणाले."

 तिचा नवरा दारात उभा होता, त्याच्या चेहऱ्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. कौसाबाई हळू आवाजात म्हणाली, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझी पोर तुमच्या बोलण्याच्या भाईर न्हाई. मायचं ऐकत न्हाई, तुमचं ऐकती. उद्या मला कमीजास्त झालं असतं तर तिच्या वहीत तिच्याच अक्षरात राहिलं असतं ते. जनमभर वाचत बसली असती ती. कळतं का तुमाला?"

मला कळत होतं.  अक्कानं डबा उघडला आणि झाकणात खिचडी काढून कौसाबाईपुढे ठेवली. "खा माय. भांडून घे मागून. पोटात असलं तर भांडता येतं."

कौसाबाईनं झाकण माझ्याकडे सरकवलं. "यांनी खाल्लं का आज?"

"न्हाई," अक्का म्हणाली.

"मग कोन्या तोंडानं मला खा म्हणून राहिल्यात? आधी तुमी खा. माझ्या म्होरं."

मी पहिला घास घेतला. तोंडात तोच गंजलेला खिळा. दुसरा घास घशाशी अडला. तिसऱ्याला मी उठून मोरीत जाऊन ओकले, आवाजासकट, परक्याच्या घरात. तोंड धुऊन परत येऊन बसले. कौसाबाई झाकण धरून वाट बघत होती. मी परत घास घेतला. अर्ध्याच्या वर खिचडी गेल्यावर तिनं एक अंडं उचललं, फोडलं आणि चिडक्या चेहऱ्यानं खायला सुरुवात केली. तिचा नवरा पाण्याचा तांब्या आणून दोघींच्या मध्ये ठेवून गेला.

पुढचं थोडक्यात. डॉक्टरांच्या सांगण्यावरून दर दोन तासांनी खाणं, अंडी, दूध, प्रथिनाची पावडर. ती पावडर ओल्या खडूसारखी लागते, तरी प्यायची. आणखी एक केमो देऊन महिना-सव्वा महिन्यानं माझं ऑपरेशन झालं. गर्भाशय, दोन्ही अंडाशयं, पोटातला चरबीचा पडदा, सगळं काढलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना दिसणारं काही मागे ठेवलेलं नाही. मग उरलेले केमो. सध्या तपासण्या चांगल्या आहेत. 'बरी झाले' हा शब्द या आजारात जपून वापरतात, मीही जपून वापरते. कौसाबाईचा शेक दहा-अकरा दिवसांच्या खंडानंतर परत सुरू झाला आणि पूर्ण झाला. त्या दहा-अकरा दिवसांनी तिचं काय नुकसान केलं, याचं उत्तर डॉक्टरही देत नाहीत. मी विचारलं होतं. ते म्हणाले, "बघत राहू." आम्ही बघत आहोत.

जूनमध्ये मी स्कार्फ न घालता वर्गात गेले. संचालक सरांनी दारात गाठून विनवलं, तरी गेले. पोरांना मागची पानं काढायला लावली आणि ती ओळ खोडायला लावली. का खोडायची ते पूर्ण तासभर सांगितलं, गाठीला तग धरायला मदत करणारी ऑटोफॅजी सांगितली, आणि जिथं कुणालाच माहीत नाही तिथं माहीत नाही असं सांगितलं. तिसऱ्या बाकावर एक पोरगी होती, तिनं खोडलं नाही, पान फाडून घडी घालून पर्समध्ये ठेवलं. तिचा चेहरा आईसारखा आहे.

आजारानं मी शहाणी झाले, कृतज्ञ झाले, असलं काही मी लिहिणार नाही. मला अजून स्वतःची किळस येते, विशेषतः मास्कच्या आतल्या त्या हसण्याची, आणि ती येत राहावी असंच मला वाटतं. तुम्हाला कुणी, माझ्यासारख्या शिकलेल्या बाईनंही, पेशी-बिशीचे शब्द वापरून न खायला सांगितलं तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. विचारायला लाजू नका. मी लाजले नव्हते, मला गर्व होता, ते आणखी वाईट.

दर एकादशीला सकाळी दहा-साडेदहाला मुदखेडहून फोन येतो. पलीकडे भांड्यांचा आवाज असतो. कौसाबाई हॅलोसुद्धा म्हणत नाही.

"म्या जेवले. तुमी?"

मी हातातलं काम ठेवते, पानावर बसते आणि पहिला घास तोंडात घालून, तो तिला ऐकू जाईल असा चावत, "हाव" म्हणते.